तपासणीच्या आधीच माझी वाचा गेली

मित्रांनो, मला पाहायचं असेल तर तुम्हाला वाकावं लागेल. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, मान गुडघ्यांपर्यंत खाली न्या आणि स्टिअरिंगखालच्या अंधारात बघा. तिथं वरून रुंद आणि खालून अरुंद असं एक काळं, पसरट तोंड दिसेल. तोच मी. एका म्हाताऱ्या टॅक्सीचा ओबीडी पोर्ट. नाव ऐकून घाबरू नका, मलाही ते कधी आवडलं नाही. गॅरेजमधली माणसं मला सरळ 'स्कॅनरचं तोंड' म्हणतात. स्कॅनर नावाच्या यंत्राची वायर माझ्यात खुपसली की ते विचारतं, आणि गाडीच्या पोटात काय दुखतंय ते मी सांगतो. तुम्हाला बत्तीस दात असतात. मला सोळा खाचा आहेत, आणि त्यातल्याही बऱ्याच जन्मापासून रिकाम्या. तरी बोलण्यात तुम्ही मला हरवाल असं वाटत नाही.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक ओतलं, ते गार झालं आणि मी जांभई देतच बाहेर पडलो. एका कामगारबाईनं मला अंगठ्यानं दाबून गाडीत बसवलं. 'टक' असा आवाज ऐकला आणि ती पुढच्या गाडीकडे वळली. मी तिचे आभार मानले होते, पण तिच्या कानात कापसाचे बोळे होते.

कामाची वर्षं सुखाची गेली. तेव्हा गाडीचा एक जुना मिस्त्री होता. तो मला फुंकर मारून, कापडानं पुसून मगच वायर लावायचा. म्हणायचा, "गाडीवाले थापा मारतात. हा नाही मारत." एकदा मी इंजिनाच्या तक्रारी सांगायला बसलो, तर थांबलोच नाही. मिस्त्री स्टुलावर बसल्या बसल्या झोपला, स्कॅनरची बॅटरी संपली, तरी माझी टकळी चालूच. शेवटी शेजारी उभा असलेला ट्रक स्वतःहून म्हणाला, "पुरे रे बाबा!" विश्वास बसत नसेल तर त्या ट्रकला विचारा. तो भंगारात गेला हे खरं, पण म्हणून त्याची साक्ष खोटी ठरत नाही.

हां, इतर गोष्टींना मी थोडं तिखटमीठ लावतो. इंजिनाच्या बाबतीत मात्र शब्द इकडचा तिकडे करत नाही. आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. हा आमच्या जातीचा गुण म्हणा, दोष म्हणा.

मग मिस्त्रीनं काम सोडलं आणि मला विसरायला सगळ्यांना निमित्त मिळालं. गाडी नीट चालते तोवर माझी आठवण कोण काढणार? धूळ बसली. कुणाच्या बुटाचं टोक लागलं, कुणाच्या छत्रीचं. एका कोळ्यानं माझ्यात संसार थाटला, मुलांची लग्नं लावली आणि नातवंडांसह तो निघून गेला.

गाडीच्या मालकाला सगळे सावकाशराव म्हणत. माणूस इतका जपून चालवायचा की पायी चालणारी माणसं काच खाली करायला लावून त्यांच्याशी गप्पा मारत, आणि गप्पा संपल्या की पुढे निघून जात. टॅक्सी हेच त्यांचं पोट. घरी दोघंच. त्यांची बायको लोकांचे कपडे शिवायची. तिला सगळा मोहल्ला काकू म्हणे, म्हणून मीही काकूच म्हणतो.

सावकाशरावांना एकच घाई असायची, ती सिगारेट पेटवायची. डॅशबोर्डवर लायटरची छोटी मूठ आहे. ती आत दाबायची, आतली तार तापून लाल झाली की मूठ टकदिशी बाहेर येते. दिवसभर माझ्या डोक्यावर हे टकटक चालू असायचं. आणि त्यामागोमाग खोकला.

एका सकाळी रस्त्याच्या मधोमध त्यांच्या छातीत कळ आली. गाडी त्यांनी कडेला घेतली तीही सावकाशच. दवाखान्यातून परत आले तेव्हा अर्धे झाले होते. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुन्हा धूर छातीत गेला तर आमच्याकडे आणायलाही वेळ मिळणार नाही. काकूंनी ते गाडीत बसून नवऱ्याला जसंच्या तसं ऐकवलं. सावकाशरावांनी स्टिअरिंगवर हात ठेवला.

"सोडली. आजपासून. तुझी शपथ."

"माझी नको. तुमची घ्या."

"बरं, माझी."

टॅक्सी स्टँडवर त्यांनी छाती पुढे काढून सगळ्यांना सांगितलं. लोकांनी पाठ थोपटली. काकू गाडीतून शिवणकाम पोचवताना गिऱ्हाइकांना सांगू लागल्या, "आमच्यांनी एका दिवसात सोडली हो." सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की मला खालूनही दिसायचा.

पण माझ्या डोक्यावर, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला बोटभर रुंद फळी आहे. शपथेनंतर काही दिवसांनी त्या फळीवर एक सिगारेटचं पाकीट येऊन बसलं. ते कुणी ठेवलं हे सांगायला नको.

त्याच सुमारास माझ्यावर संकट आलं. दुपारची वेळ होती. गाडी दारात उभी होती आणि मला डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा अंगात वीज नव्हती. ऐकू येत होतं, वास येत होता, पण वाचा गेली होती. हाक मारायला गेलो तर आवाजच नाही. माझ्यासारख्या बोलघेवड्यावर असा प्रसंग! आणि कुणाला पत्ताही नाही, कारण कुणी काही विचारतच नव्हतं.

त्या संध्याकाळी सावकाशरावांनी पाकिटातून एक सिगारेट काढली, ओठांत धरली आणि लायटरची मूठ दाबली. वाट पाहिली. मूठ बाहेर आलीच नाही. ओढून काढली तर गारढोण. पुन्हा दाबली. फुंकली. पँटवर घासली. काही उपयोग नाही. काडीपेटी फळीवर ठेवावी तर गाडी हलली की खडखडणार, खिशात ठेवावी तर काकू रोज खिसे उलटे करून कपडे धुवायच्या. स्टँडवर कुणाकडे काडी मागावी तर कोणत्या तोंडानं? लायटर दुरुस्तीला न्यावा तर सोडलेल्या माणसाला लायटर कशाला हवा? बिचारे चारही बाजूंनी अडकले. मग ते रोज एक सिगारेट काढत, बोटांत फिरवत, वास घेत आणि परत ठेवत. त्या फिरवण्यात तंबाखूचा चुरा गळायचा, तो नेमका माझ्या तोंडात.

असा सगळा हिवाळा गेला, आणि धूर तपासणीची तारीख आली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या टॅक्सीला दर वर्षी तपासणी केंद्रावर जाऊन दाखला घ्यावा लागतो. पूर्वी नळीला यंत्र लावून धूर मोजला की झालं. आता नियम असा की माझ्यामार्फत गाडीशी बोलणं झालं पाहिजे. धूर कितीही स्वच्छ असो, गाडी बोलली नाही तर नापास. आणि एवढी जुनी टॅक्सी लागोपाठ दोनदा नापास झाली की परवाना रद्द, गाडी थेट भंगारात. पहिल्या खेपेला पडद्यावर लाल अक्षरं आली होती, 'संपर्क नाही'. मग एका गॅरेजवाल्यानं मला चिकटपट्टी गुंडाळली. त्याच्याकडे सर्दीपासून पंक्चरपर्यंत सगळ्यावर चिकटपट्टीच होती. आता ही दुसरी खेप. सावकाशरावांचं नवी गाडी घेण्याचं वय राहिलं नव्हतं आणि काळीजही. आजारपणानंतर काकू त्यांना कुठेच एकटं पाठवत नसत, म्हणून त्याही शेजारी बसल्या होत्या.

केंद्रावर डोक्याला रुमाल बांधलेली एक मुलगी तपासणी करत होती. तिनं दार उघडलं, वाकली आणि वायर माझ्यात लावली. वायरीच्या टोकावर एक हिरवा दिवा असतो, तो लागला नाही.

"काका, हे मागच्या वेळचंच दिसतंय."

"गॅरेजमध्ये दाखवलं की. तो म्हणाला, बसलं."

"काय बसलं? चिकटपट्टी बसलीय छान." तिनं ती सोलून काढली. माझी थोडी सालही गेली, पण मी ओरडणार कसा?

तिनं वायर काढून पुन्हा लावली. दिवा नाही. मग तीच वायर मागच्या गाडीला लावून पाहिली. तिकडे दिवा लगेच लागला. मागचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "ओ काका, गाडी मौनव्रतात आहे का? बाकीच्यांना जाऊ द्या!"

"तुझी वेळ येईल तेव्हा बघू," सावकाशराव पुटपुटले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. काकूंनी रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"म्हणजे आमची वायर ठीक आहे," मुलगी म्हणाली. "दोष इथेच आहे." तिनं बॅटरी मारून माझ्या तोंडात पाहिलं. मग बारीक चिमट्यानं एकेक कण बाहेर काढून हातावर घेतला. "हे काय साठलंय? चहाची पावडर?"

काकू पुढे झुकल्या. त्यांनी एक कण नाकाशी नेला. सावकाशराव घाईनं म्हणाले, "जुनं असेल. गाडी जुनी, सगळंच जुनं."

साफ करूनही दिवा लागला नाही. आता मुलीनं मीटर आणलं. त्याच्या दोन सुया माझ्या खाचांत घातल्या आणि काटा पाहिला. "तोंड चांगलं आहे. तुटलेलं काही नाही. पण वीजच येत नाहीये इथपर्यंत."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. हिवाळाभर मला हेच सांगायचं होतं!

"मग आता?" सावकाशरावांनी विचारलं. "पोरी, बघ बाई काहीतरी. ही गाडी गेली तर मी घरात बसून काय करू? भिंती मोजू?" आणि मग विजेबद्दल बोलायच्या नादात ते बोलून गेले, "विजेचंच काहीतरी झालंय. लायटरसुद्धा कधीचा बंद आहे."

मुलगी उडालीच. "लायटर बंद आहे? अहो काका, हे आधी नाही का सांगायचं! या गाडीत लायटर आणि हा पोर्ट एकाच फ्यूजवर असतात. एक गेला की दुसरा गेला. एवढंच आहे, फ्यूज उडाला असेल." ती दाराच्या कडेचं फ्यूजचं झाकण उघडायला गेली.

गाडीत मात्र वेगळीच वीज गेली होती. काकू हळूच म्हणाल्या, "लायटर बंद आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"अं? हात लागला असेल."

"तो दाबावा लागतो. आणि दाबून वाट बघावी लागते."

सावकाशराव समोरच्या काचेकडे पाहत राहिले. काचेवर काही नव्हतं.

"काका," मुलगी दारातून म्हणाली, "फ्यूज उडालेला नाहीये. फ्यूजच नाहीये. जागा रिकामी आहे. कुणी काढला?"

"कोण काढणार? अख्खी गाडी सोडून चोर काय फ्यूज नेणार?"

काकूंनी पर्स उघडली. आतला छोटा कप्पा उघडला. शर्टाच्या बटणाएवढा, दोन पायांचा एक रंगीत तुकडा काढून तळहातावर ठेवला.

"तू?"

"झाकणावर सगळ्याची चित्रं आहेत. एका जागी सिगारेटचं चित्र होतं. तेवढाच काढला. दुसऱ्या कशाला हात लावला नाही मी. मला काय ठाऊक, त्याच्यावर हेही चालतं म्हणून? तोंडाचं चित्र काही तिथं काढलेलं नव्हतं."

"मागच्या खेपेला नापास झालो, तेव्हाही बोलली नाहीस?"

"मला ते दोन वेगळे आजार वाटले." काकू म्हणाल्या. "आणि सांगणार तरी कसं? रोज मनाला लागायचं, की उगाच काढला. माणूस शब्दाला एवढा पक्का, आणि मी त्याच्या पाठीमागे चोरी केली. गावभर तुमचं कौतुक सांगत होते हो मी."

सावकाशरावांनी माझ्या डोक्यावर हात घातला, फळीवरचं पाकीट काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. काकूंनी ते उघडलं. सिगारेटी जागच्या जागी होत्या. बोटांनी मळून मळून त्या मऊ झाल्या होत्या, काहींची नुसती सालंच उरली होती.

"एकही ओढलेली नाही," ते म्हणाले.

"लायटर चालत नव्हता म्हणून."

त्यांनी मान हलवली. खोटं बोलायला आता जागाच नव्हती.

मागून हॉर्न वाजला. मुलगी अवघडून उभी होती. "काकू, द्या तो फ्यूज. लावते. नाहीतर मला नापास लिहावं लागेल. माझ्या हातात काही नाही."

काकूंनी मूठ मिटली. मित्रांनो, त्या मिटलेल्या मुठीत काय होतं ते बघा. फ्यूज दिला नाही तर गाडी भंगारात, नवऱ्याचा रोजचा दिवस भंगारात. दिला तर लायटर तापणार.

"लायटरला नको आणि याला हवा, असं नाही का होत?"

"इथं नाही होणार काकू. गॅरेजमध्ये वायर वेगळी काढून देतील."

"अगं, दाखला मिळाला की परत काढून घे," सावकाशराव म्हणाले. "घरी गेल्यावर."

"आता काढून काय उपयोग? आता तुम्हाला झाकण कुठलं ते कळलं. आणि झाकण तरी कशाला, काडीपेटी जगात मिळत नाही का? लायटर बिघडलाय असं तुम्हाला वाटत होतं तोवरच त्या फ्यूजचा जोर होता." त्यांनी मूठ उघडली. "घे मुली. लाव."

फ्यूज बसला आणि माझ्या अंगात वीज शिरली. पाय बधिर झाल्यावर मुंग्या येतात ना, तशा मला सोळाही खाचांत आल्या, रिकाम्या खाचांतसुद्धा. हिरवा दिवा लागला. यंत्रानं विचारायला सुरुवात केली आणि मी बोलायला. इंजिन कसं आहे, इंधन कसं जळतं, काय झिजलंय, काय शाबूत आहे. इतकं भराभरा बोललो की छापणाऱ्या यंत्राचा कागद हवेत उडून छतावरच्या पंख्याला गुंडाळला गेला. मुलगी हे कबूल करणार नाही, पण पंख्याला विचारा. मनात आलं होतं, पाकिटाचं, त्या गारढोण लायटरचं, हिवाळाभराच्या त्या संध्याकाळींचंही सांगून टाकावं. पण यंत्रानं ते विचारलंच नाही. ते फक्त इंजिनाचं विचारतं.

पास झालो. मागच्या ड्रायव्हरनं टाळी वाजवली. दोघांपैकी कुणालाही हसू आलं नाही.

केंद्राबाहेर पडून जरा अंतरावर, एका लांब भिंतीच्या सावलीत सावकाशरावांनी गाडी थांबवली. काकू उतरल्या, पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि परत येऊन बसल्या. त्यांनी लायटरची मूठ दाबली. दोघंही तिच्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळानं ती टकदिशी बाहेर आली, आत लालभडक.

"चालतो," सावकाशराव म्हणाले.

"दिसतंय."

त्यांनी मूठ हातात घेतली, ती विझेपर्यंत धरली आणि परत जागेवर ठेवली. "काढून टाकू का?"

"तुम्ही ठरवा. मी आता काही काढणार नाही, काही लपवणार नाही आणि खिसेही बघणार नाही. फक्त विचारीन. रोज. खरं सांगाल?"

सावकाशरावांनी गाडी चालू केली.

तेव्हापासून संध्याकाळी शिवणाची गाठोडी पोचवून काकू गाडीत बसतात, पट्टा लावतात आणि म्हणतात, "आज?" बहुतेक दिवस उत्तर येतं, "नाही." ते खरं असतं, मी साक्षीला आहे. पण मागच्या आठवड्यात उत्तराला वेळ लागला. काकू वाट पाहत राहिल्या. समोरचा सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला.

"एक," सावकाशराव म्हणाले. "दुपारी. पुलाखाली."

काकू खिडकीबाहेर पाहू लागल्या. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. मी सोळाही खाचा मिटून घेतल्या.

"दुखलं?"

"थोडं. इथे."

"आत्ताही?"

"आत्ता कमी आहे."

"दवाखान्याकडे वळवा."

"अगं, कमी आहे म्हटलं ना."

"ऐकलं मी. वळवा."

आणि त्या दिवशी, मित्रांनो, पहिल्यांदा मी सावकाशरावांना जोरात गाडी चालवताना पाहिलं. पायी चालणारा एकही माणूस पुढे जाऊ शकला नाही. डॉक्टरांनी त्यांना रात्रभर ठेवून घेतलं. वेळेवर आणलं, असं म्हणाले. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. त्यांच्या छातीला माझी वायर जात नाही.

म्हणून तुमच्यापाशी एक मागणं आहे. तुमच्या घरी गाडी असेल तर वर्षातून एकदा तरी वाकून माझ्या भावंडाची धूळ पुसा, आणि त्याची वीज तोडू नका. पण त्याआधी, घरात जो कुणी गप्प गप्प असेल त्याच्या शेजारी बसा आणि विचारा. उत्तर वाईट आलं तर ओरडू नका. काकूंसारखं एवढंच विचारा, दुखतंय का, आणि गाडी वळवायला सांगा.